मिस्त्रींनी आखलेला गोल

रविवारी सकाळी मिस्त्रींनी वस्तीमागच्या मोकळ्या जागेत मधोमध खुंटी ठोकली, तिला सुतळी अडकवली आणि लेकीकडे वळून विचारलं, "बोला साहेब, किती घेऊ?"

साहेब म्हणजे लेकच. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. पस्तीस वर्षांच्या गवंडीकामात मिस्त्रींनी जेवढे साहेब पाहिले, ते सगळे नकाशा हातात घेऊन भिंतीला शहाणपण शिकवणारे. त्यामुळे घरात पहिला नकाशा आला त्याच दिवशी ही पदवी लेकीला मिळाली. विद्यापीठाची अजून यायची होती.

"साडेतीन मीटर त्रिज्या."

"फुटांत सांग."

"साडेअकरा."

मिस्त्रींनी सुतळी मोजून गाठ मारली. मग तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुन्याची फक्की सोडत ते उलट पावली फिरायला लागले. गुडघा दुखत होता, पण रेघ कुठे जाड झाली नाही की तुटली नाही. सुरुवात आणि शेवट जिथे भेटले ती जागा नंतर शोधूनही सापडली नसती. पुढच्या आठवड्यात परीक्षक जागा बघायला येणार होते. कागदावरची इमारत खऱ्या मापाने जमिनीवर आखून दाखवायची, असा सरांचा आग्रह होता.

इमारत म्हणजे धुणंघर. वस्तीच्या मागच्या अंगाला सहा नळ एका ओळीत होते, त्यांच्याखालचा सिमेंटचा ओटा फुटलेला होता, आणि साबणाचं पाणी गल्लीभर हिंडायचं. लेकीने प्रकल्पासाठी हीच अडचण उचलली होती. धुण्याचं पाणी खडी, वाळू आणि लव्हाळ्यांतून गाळून भाजीच्या वाफ्यांना द्यायचं. विटा पाडकामातल्या, जुन्या. सिमेंटऐवजी चुना. मिस्त्री या सगळ्यावर बेहद्द खूश होते. चार महिने ते प्रत्येक कामावरून येताना टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून जुन्या विटा आणत होते, आणि घरासमोर त्यांचा एवढा ढीग झाला होता की बायको म्हणायची, "आता दार वरून काढा, आम्ही शिडीने ये-जा करतो."

इथवर सगळं शहाण्यासारखं होतं. पण नुसत्या धुणंघराला चांगले गुण पडत नाहीत. म्हणून प्रकल्पाचं नाव होतं, 'संवादाचं वर्तुळ : एक शाश्वत, समुदायकेंद्री धुलाई-अवकाश'. हे नाव सरांचं. सरांना 'जागा' हा शब्द हलका वाटायचा. ते खोलीला अवकाश म्हणत, अंगणाला मोकळा अवकाश म्हणत, आणि जिन्याखालच्या अडगळीला शक्यतांचा अवकाश.

मिस्त्री गोलाच्या मधोमध उभे राहिले. चारी बाजूंना बघून म्हणाले, "इथे काय येणार?"

"मोकळा अवकाश."

"म्हणजे काही नाही."

"काही नाही कसं, बाबा? बारा जणी गोल बसणार, तोंडं आत, एकमेकींकडे. त्यातून संवाद होतो."

"आणि पाणी?"

"पाणी मधल्या गटारात. तिथून गाळणीत."

"म्हणजे बारा घरांचं मळकं पाणी मधे, आणि बारा जणी त्याच्याकडे बघत संवाद करणार."

"तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीची माती करता."

"धंदाच आहे आपला." मिस्त्री हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, "अगं, धुणं धुणारं माणूस समोरच्याचं तोंड बघत नाही. एक डोळा कपड्यावर आणि एक डोळा आपल्या दारावर. शेगडीवर काय उतू चाललंय, पोर कुठे पळालं. तुझ्या गोलात निम्म्या जणींची दारं पाठीमागे गेली. त्यापेक्षा सरळ ओळ धर, दारांकडे तोंड करून. बाकी तुझं गाळायचं डोकं झकास चाललंय. बसायचं तेवढं सरळ कर."

"सरळ ओळ कारखान्यासारखी दिसते. सर म्हणतात, रांगेत माणूस एकटा पडतो."

"सर कपडे कुठे धुतात?"

सरांचे कपडे नेहमी पांढरेशुभ्र असत. ते कोण धुतं यावर त्यांच्या कुठल्याच व्याख्यानात स्लाइड नव्हती.

"आणि हे मी एकटीने ठरवलेलं नाही," लेक म्हणाली. "लोकांनी मतं दिलीयत."

हेही खरं होतं. सहभागी पद्धतीत लोकांना विचारावं लागतं. त्यासाठी एका दुपारी कॉलेजची आठ मुलं वस्तीत आली होती. त्यांनी चौकोन, सरळ ओळ आणि गोल अशी तीन चित्रं भिंतीला लावली आणि प्रत्येकीच्या हातात एक रंगीत टिकली दिली. आवडेल त्या चित्रावर चिकटवा. चौदा टिकल्या गोलावर चिकटल्या. मुलांनी भिंतीचे फोटो काढले, लोकांबरोबर काढले, एकमेकांचे काढले, आणि सहभाग पूर्ण झाला.

"गोलाच्या चित्रात झाड होतं," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"बाकी दोन्ही चित्रांत झाड नव्हतं. मी नळावरच्या काकूंना विचारलं, गोल का? त्या म्हणाल्या, गोल कुठला, मी सावलीवर चिकटवली."

लेकीने मान फिरवली. हे तिला नवीन होतं, आणि ऐकल्याबरोबर पटलंही होतं. मूल्यमापनाला सहा दिवस राहिलेले असताना पटलेल्या गोष्टीचं जे करतात तेच तिने केलं. न ऐकल्यासारखं केलं.

"राहू दे," मिस्त्री सुतळी गुंडाळत म्हणाले. "कागदावर गोल आहे ना, मग जमिनीवर गोलच उतरेल. साहेब सांगतील ते आखायचं."

घरी गेल्यावर चुन्याच्या पावलांवरून बायकोने दोघांनाही दारात उभं करून झापलं. मग चहा झाला. दुपारी मिस्त्री जरा आडवे झाले. संध्याकाळी लेक कार्डबोर्डच्या छोट्या मॉडेलमध्ये बोटभर उंचीची माणसं चिकटवत बसली होती, तिथे ते चष्मा लावून आले. मॉडेलमध्ये एक सायकलवाला होता, एक फुगा धरलेली मुलगी होती, आणि एक जण गिटार वाजवत होता.

"यातली धुणं धुणारी कुठली?"

"अशी माणसं दुकानात मिळत नाहीत, बाबा."

"मग या गिटारवाल्याला दे एक चादर."

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. जाऊ दे ना."

"तेही खरंच," मिस्त्री म्हणाले, आणि चष्मा काढून बातम्या बघायला गेले.

सोमवारी दुपारी कामावर डबा खाऊन ते सकाळीच गिलावा केलेल्या भिंतीपासून जरा लांब, कोरड्या भिंतीला टेकून बसले. डोळा लागला असेल म्हणून बाकीच्यांनी अर्धा तास हाक मारली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांना असं सांगावं लागतं.

मग माणसं आली. माणूस गेल्यावर येणारी माणसं फार शहाणी असतात. एकाने 'त्रास नाही झाला, हेच मोठं' असं चार वेळा सांगितलं, जणू सोय त्यानेच केली होती. एका लांबच्या आत्याने आईला जवळ घेऊन लेकीला बजावलं, "आता तू रडायचं नाहीस, तू खंबीर," आणि स्वतः तासभर रडून तिच्याकडून चहा मागितला. लेकीने चहा केला. तिने दुखवट्यावर बरंच वाचलेलं होतं. जाडजूड पुस्तकांत दुःखाच्या पायऱ्या दिलेल्या असतात. साखर संपली तर कोणत्या पायरीवर उभं राहायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वस्तीने मात्र एक गोष्ट न सांगता केली. चुन्याच्या त्या गोलावर कुणी पाय दिला नाही. पोरांनी खेळ पलीकडे नेला. नळावरच्या काकू, ज्यांचा नळावर तीस वर्षं शब्द चालत होता, त्यांनी कुत्री लोळू नयेत म्हणून कडेने दगड मांडले.

परीक्षक आले तेव्हा सरांनीच प्रकल्प समजावला. लेक बाजूला उभी होती. सर म्हणाले, "एका श्रमिक पित्याने आपल्या कन्येचं स्वप्न जमिनीवर कोरलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. हे वर्तुळ त्याचा अखेरचा हस्तस्पर्श आहे." परीक्षकांतल्या एकाने चष्मा पुसला. गटाराचा उतार कुणी विचारला नाही. प्रकल्प पहिला आला, आणि बातमी वाचून एका न्यासाच्या अध्यक्षबाईंनी कळवलं की हे धुणंघर आम्ही प्रत्यक्षात बांधू. जसंच्या तसं. आणि त्यावर मिस्त्रींच्या नावाचा दगड लावू.

त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली. जेवता जेवता म्हणाली, "दगडावर नाव जरा मोठं घ्यायला सांग. लांबून दिसलं पाहिजे."

पाहुणे गेले तेव्हा घरात चादरींचा, अभ्र्यांचा, पंच्यांचा डोंगर साठला होता. आईला वाकवत नव्हतं. लेक दोन बादल्या घेऊन नळावर गेली. तिने धुणंघरावर दीडशे पानं लिहिली होती. फुटक्या ओट्यावर धुणं घेऊन ती शेवटची बसली होती, त्याला मात्र सात वर्षं झाली होती. वॉशिंग मशीन घेतल्यापासून त्यांच्या घरातून नळावर कुणी जातच नव्हतं, आणि मशीन नेमकं त्याच आठवड्यात बंद पडलं होतं.

काकू डावीकडे होत्या, शिवणकाम करणारी शेजारीण उजवीकडे. दोघींनी सरकून जागा दिली. कुणी काही विचारलं नाही. पहिली चादर, दुसरी चादर. तिसरा निघाला तो मिस्त्रींचा कामावरचा शर्ट, कोपरापाशी चुन्याने कडक झालेला. तो कुणीतरी चुकून ढिगात टाकला होता. लेकीने तो पाण्यात बुडवला आणि तिला रडू फुटलं. मुसमुसणं नाही. चांगलं नाक वाहेपर्यंत.

आणि कुणी बघितलं नाही. बघायला समोर कुणी नव्हतंच. काकू आपली सतरंजी आपटत राहिल्या, जरा जास्तच जोरात. शेजारीण समोर बघून म्हणाली, "साबण संपला असेल तर माझा घे," आणि वडी ओट्यावरून सरकवली. दोघींचे कोपर तिच्या कोपराला लागत होते. समोर वीस पावलांवर तिच्या घराचं दार उघडं होतं, आणि त्यातून आई दिसत होती. पलंगावर बसून ती विनाकारण एकच पंचा पुन्हा पुन्हा घडी करत होती.

शर्ट पिळता पिळता लेकीने मनातल्या मनात आपला गोल त्या जागी ठेवून पाहिला. अकरा जणी समोर. अकरा तोंडं तिच्या तोंडाकडे. मधे गटार. आणि आई पाठीमागे, कुठेतरी. अशा ठिकाणी ती रडली नसती. संवाद मात्र झाला असता. 'त्रास नाही झाला, हेच मोठं.'

रांगेत माणूस एकटा पडतो, हे म्हणणाऱ्या सरांना आणि तिला, दोघांनाही त्या क्षणी कुणीतरी बादलीभर धुणं द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. "सर, रचना थोडी बदलता येईल? सरळ ओळीत?"

सर खुर्चीत मागे रेलले. "ते वर्तुळ आता तुझं राहिलेलं नाही. तो स्मृती-अवकाश झालाय."

"पण सर, त्यात धुणं नीट धुता येणार नाही."

"धुणं हे निमित्त आहे," सर म्हणाले.

संध्याकाळी तिने आईपाशी विषय काढून पाहिला. "आई, गोल बरोबर वाटतो का गं तुला?"

"त्यांनी आखलाय ना? मग बरोबरच असणार."

लेक बघतच राहिली. मिस्त्री जिवंत असताना त्यांनी ठोकलेला खिळासुद्धा आईला वाकडा दिसायचा. 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य त्या घरात कुणी कुणाला म्हणायचंच नाही, अशी जणू रीतच होती. आई म्हणायची नाही, लेक तर नाहीच. मिस्त्री वाद जिंकले की त्यांना एवढंच ऐकू यायचं, 'बरं, जेवून घ्या आता.' आणि आता ते नसताना त्यांचं सगळंच बरोबर होऊन बसलं होतं, नेमकी त्यांची नसलेली चूकही.

पाया खोदायच्या सकाळी मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. अध्यक्षबाई आल्या, त्यांचा फोटोवाला आला, सर पांढऱ्या कपड्यांत आले. जुन्या विटांचा ढीग घरासमोरून इकडे आणून नीट रचला होता. दगडाचा नमुना पुठ्ठ्यावर छापून आणला होता आणि आई तो मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. नाव मोठं घेतलेलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'यांच्या संकल्पनेतून'.

अध्यक्षबाईंनी वस्तीतल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं सुचवलं. सहभाग म्हणून. सगळ्यांनी काकूंना पुढे ढकललं.

काकू पदराला हात पुसत उठल्या. "आता काय बोलायचं? मिस्त्रीच्या हातचं काम कधी वाकडं गेलं नाही. त्याने गोल आखला, तर त्यात काहीतरी असेलच." त्यांनी गोलाकडे पाहिलं. मग घरांच्या दारांकडे पाहिलं. मग पुन्हा गोलाकडे. "जरा अवघड जाईल सुरुवातीला. पण त्याच्यासाठी आम्ही करू सवय."

टाळ्या पडल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षबाईंच्या हातात रिबीन बांधलेली कुदळ देण्यात आली. पहिला घाव चुन्याच्या रेघेवरच पडेल असं बघा, असं फोटोवाला म्हणाला.

आधी लेकीचं मनोगत होतं. तिच्या हातात दोन पानं होती. त्यांत 'सहभाग' चार वेळा आणि 'शाश्वत' सहा वेळा आलं होतं, आणि सरांनी आणखी एक 'अवकाश' घालून पान तपासून दिलं होतं. ती उभी राहिली. आपण बोललो तर काय काय जाईल याचा तिने हिशेब केला नाही, कारण ते समोर मांडूनच ठेवलं होतं. पहिला नंबर, सर, न्यास. आणि आईच्या मांडीवरचा पुठ्ठा. पहिल्या तिघांचं तिला फारसं काही वाटलं नाही. पुठ्ठ्याकडे मात्र बघवेना. पण काकू सवय करणार होत्या. शेजारीण करणार होती. पुढची तीस-चाळीस वर्षं बायका इथे माना वळवून वळवून आपली दारं बघणार होत्या, आणि मनातल्या मनात म्हणणार होत्या, मिस्त्रीने असं कसं केलं?

"हा गोल बाबांचा नाही," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी समजुतीने मान हलवली. "नाही, तो आता सगळ्यांचा आहे."

"सुरुवात छान," सर पुटपुटले. "पुढे."

"तसं नाही म्हणत मी. हा माझा आहे. मी काढला. बाबांना तो नको होता. त्यांनी आखला, कारण मी आखायला लावला." आवाज फाटत होता, म्हणून तिने तो कमी केला. "मतं गोलाला पडली नव्हती, झाडाला पडली होती. तेही मला बाबांनीच सांगितलं. काकू, तुम्ही सावलीवर चिकटवली होती ना टिकली?"

काकू गडबडल्या. "अगं, ते आता... हो. पण तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नका करू सवय. कुणीही नका करू. इथे बसलात की निम्म्या जणींची दारं पाठीमागे जातात. मळकं पाणी सगळं मधे येतं. यात शाश्वत काही असेल तर तो वास."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सर हलक्या आवाजात म्हणाले, "तू खाली बस. तुला दुःख झालंय."

"हो, झालंय," ती म्हणाली. "पण त्याचा आणि गटाराचा संबंध नाही."

आई उठली. पुठ्ठा तिने छातीशी धरला होता. तिचा चेहरा रागाचा होता की कशाचा, ते लेकीला कळेना.

"मग ते काय म्हणाले होते?" आईने विचारलं. इतर कुणाला ऐकू जावं अशा बेताने नाही. घरातल्यासारखं.

"सरळ कर म्हणाले होते. एका ओळीत, दारांकडे तोंड करून. गाळणी राहू दे, वाफे राहू दे, विटा याच. बसायचं तेवढं सरळ कर, म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, तुम्हाला यातलं कळत नाही."

अध्यक्षबाई कुदळ कुठे ठेवावी ते शोधत होत्या. लेकीने हातातली पानं दुमडली आणि ती चुन्याची रेघ ओलांडून आत, मधोमध जाऊन उभी राहिली. मग समोरच्या दारांच्या ओळीकडे तोंड करून, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"बाबा, तुमचं बरोबर होतं."